परत आलेली जकात: नागपूरच्या एका विद्यार्थी फंडाचं प्रकरण

हे प्रकरण 6,850 रुपयांचं आहे. मार्च 2024 मध्ये नागपुरातल्या आमच्या विद्यार्थ्यांच्या छोट्या फंडातून ही रक्कम एका मुलीला पाठवली आणि दहा मिनिटांच्या आत ती परत आली. पाठवणारी मी होते. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात होते, फील्डवर्कची डायरी रोज लिहावी लागायची, म्हणून तारखा आणि आकडे माझ्याकडे राहिले. तिच्या परवानगीनं लिहिते आहे. तिला इथं 'न.' म्हणते, गाव आणि विषय बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मराठीत जकात म्हटलं की बहुतेकांना नाका आठवतो. इथली जकात ती नव्हे. ज्या मुसलमानाकडं निसाबाइतकी मालमत्ता आहे आणि तिला एक चांद्रवर्ष झालं आहे, त्यानं तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, हक्कदाराला द्यायचा असतो. निसाब म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा: साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. चांदीच्या हिशोबानं 612.36 ग्रॅम, त्या महिन्यात चांदी किलोला 75 हजारांच्या आसपास होती, म्हणजे निसाब साधारण 46 हजार धरला जात होता. द्यायचं कुणाला हेही ठरलेलं आहे. कुरआनातल्या सूरह (अध्याय) तौबाच्या साठाव्या आयतीत आठ प्रकारचे हक्कदार सांगितले आहेत: फकीर आणि मिस्कीन म्हणजे गरीब आणि निराधार, कर्जात बुडालेले, प्रवासात अडकलेले आणि इतर.

आमचा फंड 2019 पासून चालू होता. वेगवेगळ्या कॉलेजांतली आणि अमरावती रोडच्या कॅम्पसमधली दहा-बारा मुलंमुली. रमजानात ओळखीच्यांकडून पैसे गोळा करायचे आणि परीक्षा फॉर्म, खोलीचं भाडं, मेसची थकबाकी अशा कामाला द्यायचे. देणारे कोण? मोमिनपुऱ्यातले दुकानदार, ज्यांच्या घरातले माग आजोबांच्या काळातच बंद पडले. मेयो हॉस्पिटलात इंटर्नशिप करणारे दोन डॉक्टर. जाफर नगरातल्या शिक्षिका. पुण्याला नोकरीला लागलेली आमचीच जुनी मुलं. घेणारे वाढत होते. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधकांना मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022-23 पासून नव्यानं देणं बंद झालं, तेव्हापासून आधी शंभर-दोनशे टाकणारे संशोधक भाऊसुद्धा संकोचत 'माझ्यासाठी काही होईल का' असं विचारू लागले.

2024 चा पहिला रोजा 12 मार्चला होता. पहिल्या आठवड्यातच 23 जणांकडून 41,300 रुपये आले. सगळे एका खात्यात, एका यादीत, आणि त्या यादीच्या डोक्यावर 'जकात फंड' हे दोन शब्द. मूळ चूक इथंच झाली. त्या 41,300 मध्ये जकात किती, सदका म्हणजे ऐच्छिक दान किती आणि कुणी नुसतेच 'मुलांना द्या' म्हणून दिलेले किती, हे मी एकालाही विचारलं नव्हतं.

18 ते 20 मार्च

आधी एक छोटी गोष्ट घडली. तिचा जितका विचार तेव्हा करायला हवा होता तितका मी केला नाही. गडचिरोलीकडचा एक गोंड मुलगा आमच्यात रोज इफ्तारीला असायचा. रोजा नसायचा त्याचा, पण पावणेसहापासून आमच्यासोबत फळं कापायला बसायचा आणि अजान होईपर्यंत स्वतःही तोंडात काही टाकायचा नाही. 18 तारखेला त्यानं विचारलं, "ताई, माझ्या फॉर्मचे बाराशे कमी पडून राहिले. तुमच्या फंडातून उसने भेटतील का?" मी सांगितलं, हा जकातीचा पैसा आहे, तो मुसलमानालाच देता येतो. हनफी फिकहचा, म्हणजे हनफी पंथाच्या धर्मशास्त्राचा, नियम म्हणून ते बरोबर होतं. तो "बरं ताई" म्हणाला आणि टरबूज कापत राहिला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

न. यवतमाळ जिल्ह्यातली. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. अर्धांगवायूनंतर ते बंद झालं. ती जाफर नगरात दोघींत एक खोली घेऊन राहायची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला होता, कारण आधार एका जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं होतं. परीक्षा शुल्क आणि मागची थकबाकी मिळून 6,850 रुपये 28 मार्चच्या आत भरायचे होते. आमच्या गूगल फॉर्मवर तिनं स्वतः काहीच लिहिलं नव्हतं. तो भरला तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं, तिला न सांगता, काळजीपोटी. फॉर्ममध्ये तीनच प्रश्न होते: नाव, किती लागतात, कशासाठी.

20 मार्च, बुधवार, नववा रोजा. इफ्तारीच्या आधी, सहाच्या सुमाराला, मी फोनवरून पैसे पाठवले. शेऱ्याच्या जागी हिशोबाला सोपं जावं म्हणून 'जकात 24' लिहिलं. मग आमच्या ग्रुपवर टाकलं: एम.एस्सी. फायनलच्या एका भगिनीचं शुल्क मार्गी लागलं, अल्हम्दुलिल्लाह. त्या ग्रुपवर एम.एस्सी. फायनलच्या मुली दोनच होत्या, आणि दुसरीचे वडील बांधकाम ठेकेदार.

पैसे परत आल्याचा मेसेज वाजला तेव्हा माझ्या हातात खजूर होता आणि अजान व्हायची होती. शेऱ्याच्या जागी तिनं चार शब्द लिहिले होते: 'ये मेरा हक़ नहीं'. थोड्या वेळानं ती ग्रुपमधून बाहेर पडल्याची ओळ दिसली.

पहिला अंदाज आणि तो का चुकला

आम्ही सगळ्यांनी एकच अर्थ लावला: पोरीचा स्वाभिमान दुखावला. कुणी म्हणालं, जकात घेणं गरिबाचा हक्कच आहे, तिला समजावून सांगू. एकानं तर कुरआनातल्या आयतींचे फोटो तयार ठेवले. फील्डवर्कमध्ये आम्हाला हेच शिकवतात की मदत नाकारणाऱ्याच्या मनात काय आहे ते आधी ऐका. वस्त्यांमध्ये मी ते करत होते. माझ्या स्वतःच्या मैत्रिणीच्या बाबतीत मी तीन दिवस नुसते अंदाज बांधत बसले.

शनिवारी, 23 तारखेला, मी तिच्या विभागाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. ऊन मी म्हणत होतं. ती बाहेर आली, मला पाहून थबकली आणि शेजारी बसली. मी माफी मागितली, ग्रुपवरच्या मेसेजबद्दल. ती म्हणाली, "बाजी, मेसेज का तो बुरा लगा ही. पर पैसे मैंने उसके लिए वापस नहीं किए." आणि मग मराठीत, कारण आम्ही दोघी मराठी माध्यमाच्या आणि गंभीर बोलायची आमची भाषा तीच, म्हणाली, "आम्ही सय्यद आहोत. तू विचारलंच नाहीस."

लहानपणी तिच्या दादीनं तिला एक हदीस, म्हणजे पैगंबरांची नोंदवलेली आठवण, सांगितली होती. पैगंबरांचे नातू हसन लहान होते. सदक्याच्या (इथं जकातीच्या) खजुरांच्या ढिगातला एक खजूर त्यांनी उचलून तोंडात टाकला. पैगंबरांनी 'कख कख' म्हणत तो थुंकायला लावला आणि म्हणाले, आपण सदका खात नाही हे तुला ठाऊक नाही का? पैगंबरांच्या घराण्याला, बनू हाशिमला, जकात घेता येत नाही. हनफी मताप्रमाणं आजचे सय्यदही त्यात येतात. "माझ्या वडिलांचं दुकान बंद झालं तेव्हा मशिदीतून रेशनचं किट आलं होतं," ती म्हणाली. "अब्बूंना नीट बोलता येत नव्हतं. डाव्या हातानं खूण करून त्यांनी ते परत पाठवलं. आणि मी इथं येऊन घेऊ?"

मी बराच वेळ काही बोलले नाही. तिला आयती समजावायला निघाले होते मी.

नेमकी अडचण कुठं होती

हे प्रकरण 'विचारायला विसरलो' एवढ्यावर संपत नाही, म्हणून जरा थांबून लिहिते.

आम्ही न विचारण्यालाच चांगुलपणा समजत होतो, आणि त्या समजुतीला धर्मातच आधार होता. जकात देताना घेणाऱ्याला 'ही जकात आहे' असं सांगावं लागत नाही. देणाऱ्याची नियत पुरते. ईदी म्हणून, भेट म्हणून हातात ठेवली तरी ती अदा होते. सूरह बकरात म्हटलं आहे की सदका उघडपणे दिलात तरी चांगलं, पण लपवून गरिबाला दिलात तर अधिक चांगलं. त्याच सूरहमध्ये उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपलं दान वाया घालवू नका, असं बजावलं आहे. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, ही हदीस तर घराघरात माहीत असते. सक्करदऱ्याच्या पलीकडं ताजबागेत लंगरात बसणाऱ्याला कुणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. आम्ही त्याच शहरात वाढलेलो. कुणाला खोदून विचारणं आम्हाला हलकं वाटायचं.

पण लंगर वेगळा आणि जकात वेगळी. जकातीत घेणारा हक्कदार आहे की नाही याची चौकशी करणं देणाऱ्याची जबाबदारी आहे. चौकशी करून दिलं आणि नंतर कळलं की घेणारा हक्कदार नव्हता, तर इमाम अबू हनीफांच्या मते जकात अदा होते. चौकशीच केली नाही आणि चुकीच्या हातात गेली, तर पुन्हा द्यावी लागते. म्हणजे विचारायचं तर आहेच, आणि इज्जतही सांभाळायची आहे. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. जे विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, आणि जे झाकायला हवं होतं ते पैशांच्या शेऱ्यात आणि ग्रुपवर लिहून ठेवलं.

सुचवलेले मार्ग

त्या रात्री तरावीहच्या नमाजेनंतर आम्ही पाच जण बसलो. एकानं तोडगा काढला. हदीसमध्ये बरीरा नावाच्या बाईंची गोष्ट आहे. त्यांना कुणी सदक्याचं मांस दिलं आणि ते पैगंबरांच्या घरी आलं, तेव्हा पैगंबर म्हणाले, तिच्यासाठी तो सदका, आपल्यासाठी हदिया, म्हणजे भेट. मग आपणही तसंच करू. एखाद्या गरजू मुलाला जकात देऊ आणि तो न.ला भेट म्हणून देईल. याला हीला म्हणतात, आणि अनेक ठिकाणी तो सर्रास चालतो.

मी विरोध केला. बरीरांनी ते मांस आपल्या मर्जीनं पुढं दिलं होतं. आपण ज्याला पैसे देऊ आणि सांगू की उद्या तिला दे, त्याच्याजवळ मर्जी कुठं उरली? त्याची स्वतःची मेस थकलेली असेल. एका गरिबाच्या हातावरून नुसते पैसे फिरवायचे आणि त्याला मालक म्हणायचं, हे माझ्या मनाला पटत नाही; आजही पटत नाही.

दुसऱ्या दिवशी मोमिनपुऱ्यातल्या एका मुफ्तीसाहेबांना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जुन्या काही फकिहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) अडचणीतल्या सय्यदांसाठी सवलत दिल्याचं त्यांनी सांगितलं, पण फतवा त्या मतावर दिला जात नाही हेही सांगितलं. मग विचारलं, "तुम लोगों के पास सिर्फ़ जकात ही है क्या? हदिया किसी के पास नहीं?" एवढंच. आम्ही पाचही जण खाली बघत होतो. फंडाच्या नावाखाली आम्ही आमचे स्वतःचे खिसे विसरलो होतो. चाळिसावा हिस्सा दिला की काम झालं, असं आमच्या मनानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

तीन वह्या

पुढचे दोन दिवस मी 23 जणांना फोन करत होते. कुठली नियत धरून दिलेत? काहींना राग आला, बहुतेकांना बरं वाटलं. तिघांना आठवेना, त्यांचे पैसे खबरदारी म्हणून जकातीत धरले. हिशोब असा लागला: जकात 29,500, सदका 11,800. फित्रा, म्हणजे ईदच्या आधी द्यायचं दान, अजून यायचा होता. त्याची वही वेगळी केली.

या छाननीत आणखी एक गोष्ट सापडली. इफ्तारीच्या फळांचे 900 रुपये आम्ही याच खात्यातून दिले होते. जकातीत रक्कम गरजूच्या मालकीची करून द्यावी लागते. सगळ्यांनी मिळून खाल्लेल्या टरबुजात ती जात नाही. ते 900 आम्ही पाच जणांनी 180 प्रमाणे भरले.

सदक्याची वही वेगळी झाल्यावर पहिले बाराशे गडचिरोलीच्या मुलाला गेले. ऐच्छिक सदक्याला धर्माची अट नाही. बकराच्या 272 व्या आयतीचा संदर्भच मुसलमान नसलेल्या नातेवाइकांना देण्याचा सांगितला जातो. म्हणजे 18 तारखेलाही मार्ग उपलब्ध होता. मी नियम सांगितला आणि तिथंच थांबले, त्याच्या पुढचं दार उघडून पाहिलं नाही. धुळवडीच्या दिवशी, 25 मार्चला, त्याच्या हॉस्टेलवर गेले आणि हेच त्याला सांगितलं. केसात गुलाल तसाच होता त्याच्या. म्हणाला, "मले वाटलं, तुम्हाला मी तिथं नको आहो." नंतर तो पुन्हा यायला लागला, शेवटच्या रोजांत गावाकडून आलेली टेंभरं घेऊन आला. आमच्यातल्या निम्म्या नागपूरकरांनी ती पहिल्यांदाच खाल्ली.

कर्जाचं पान

न.ला सदकाही नको होता. ऐच्छिक सदका सय्यदांना चालतो असं बहुतेक हनफी आलिम सांगतात, पण तिचं म्हणणं साफ होतं: ज्या खात्यावर आठवडाभर 'जकात फंड' लिहिलं होतं, त्यातला रुपया नको. भेट म्हणून दिले तर? तिनं विचार केला आणि म्हणाली, "भेट मागून घेतात का? कर्ज दे. लिहून दे."

पैसे माझ्या अम्मीनं दिले. तिची भिशी त्याच महिन्यात लागली होती. मी सगळं सांगितल्यावर अम्मीनं कपाटातला स्टीलचा डबा काढला, सात हजार मोजले, त्यातले दीडशे परत ठेवले आणि एकच प्रश्न विचारला, "तिला लिहून हवं म्हणते ना? मग नीट लिही."

कुरआनातली सगळ्यांत लांब आयत नमाजेची नाही, रोजाची नाही. उधारीच्या व्यवहाराची आहे. बकराची 282 वी. ठरावीक मुदतीचं कर्ज असेल तर लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. तिच्या दोन आयती आधी म्हटलं आहे, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या. 26 मार्चला, पंधराव्या रोजाला, आम्ही ते पान लिहिलं. शंभर पानी वही, रेघांची. रक्कम 6,850, व्याज नाही, मुदत 31 डिसेंबर 2024, अडचण आली तर मुदत वाढेल. खाली तिची सही, अम्मीची सही, साक्षीदारांच्या सह्या. अम्मीची उर्दू अक्षरं उजवीकडून आली आणि न.ची मराठी सही डावीकडून. दोन्ही पानाच्या मधोमध जवळजवळ एकमेकींना टेकल्या. 27 तारखेला फॉर्म भरला गेला.

मैत्रिणीचं आणि तिचं मात्र लगेच जुळलं नाही. जिनं न सांगता फॉर्म भरला तिला वाटत होतं, आपण भल्याचंच केलं. ईदपर्यंत दोघी एका खोलीत राहून सेहरीला वेगवेगळ्या उठायच्या. यात मी काही करू शकले नाही.

पुढं काय बदललं

2025 च्या रमजानात फॉर्म बदलला. नाव विचारणं बंद केलं. फक्त फोन नंबर, आणि तो एकाच व्यक्तीला दिसतो, एका वयस्कर शिक्षिकेला, ज्या ग्रुपवर नाहीत. फॉर्म स्वतःच भरायचा, दुसऱ्यासाठी नाही. एक प्रश्न नवा घातला: 'तुम्हाला ही मदत कोणत्या स्वरूपात चालेल? जकात, सदका, भेट, बिनव्याजी कर्ज, किंवा मी सांगू इच्छित नाही.' शेवटचा पर्याय निवडणाऱ्याला जकातीच्या वहीतून काही जात नाही, आणि का ते कुणी विचारत नाही. ही ओळ न.नं सुचवली. सय्यद आहात का, असा थेट प्रश्न घाला असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं. ती म्हणाली, गरिबीत सय्यद असल्याचं सांगणंसुद्धा जड जातं. पैशांच्या शेऱ्यात आता काहीच लिहीत नाही. बाकी अडचणी आहेतच: कर्जाच्या वहीत पैसे नेहमी कमी पडतात, कारण रमजानात लोक जकात काढतात, कर्ज द्यायला थांबत नाहीत.

परतफेड

न.नं दहावीच्या मुलींच्या विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, दर महिन्याला दीड-दीड हजार आणून दिले. ऑक्टोबरमध्ये खातं दुरुस्त होऊन शिष्यवृत्ती आली आणि नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी ती राहिलेले 2,350 घेऊन घरी आली. अम्मीनं नोटा मोजल्या, पानावर आडवी रेघ मारली, खाली 'वसूल' लिहून सही केली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिच्यासाठी खिचडा भरून आणला, चार पुडांच्या डब्यात. डबा पुढं करताना म्हणाली, "ये हदिया है बेटा. ले सकती हो ना?"

न.नं दोन्ही हातांनी डबा घेतला.

आठ दिवसांनी तो परत आला. वरची तीन पुडं पुसून त्यांत कागद ठेवला होता, आणि सगळ्यांत खालच्या पुडात तिच्या आईनं गावाहून पाठवलेल्या तिळाच्या वड्या.